मुक्काम पोस्ट नगर

अहमदनगर जिल्ह्याला समुद्र नाही, परदेशाची हद्द नाही. काकडीचं शिर्डी विमानतळ सुरू झालं तेही २०१७ साली. देशात कोणाला घ्यायचं आणि कोणाला हाकलायचं अशी चर्चा निघाली की डोळ्यासमोर मुंबईचं बंदर येतं, वाघा येतो, आसामातली ब्रह्मपुत्रेची बेटं येतात. भिंगारचा नाला कोणाला आठवत नाही. तरीही परक्या माणसाविषयीचे आपले कायदे कसकसे झाले, हे या गावात बसून जितकं नीट सांगता येतं तितकं मुंबईतही सांगता येणार नाही. बंदरावर परक्याला फक्त अडवतात. आत येऊन राहिलेला, धंद्याला लागलेला, शेजारपाजार जोडलेला परका एका रात्रीत नकोसा झाला, तर त्याला ठेवायला जागा लागते. ती समुद्रापासून लांब हवी, छावणीला लागून हवी, रेल्वेच्या टप्प्यात हवी. नगर तिन्ही अटींत बसतं.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. इथे भेटणारी बहुतेक माणसं जुन्या नावाच्या गावात कोंडली गेली, म्हणून त्यांच्यापुरतं जुनं नाव ठेवलं आहे. बोलताना एसटी कंडक्टरपासून कलेक्टर कचेरीपर्यंत सगळे ‘नगर’च म्हणतात.

या गावाचा जन्मच आतले आणि बाहेरचे यांच्या भांडणातून झाला. बहमनी दरबारात दोन तट होते. एक दख्खनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेले. दुसरे आफाकी, म्हणजे इराण-तुराण-अरबस्तानातून जहाजाने येऊन दाभोळ-चौलला उतरलेले आणि नशीब काढायला घाटावर आलेले. महमूद गावान हा इराणी व्यापारी बहमनी राज्याचा वजीर झाला आणि १४८१ साली एका बनावट पत्राच्या आधारे त्याची गर्दन मारली गेली. त्या कटात पुढे होता दख्खनी तटाचा मलिक हसन. इतिहासकार फिरिश्ता सांगतो त्यानुसार हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घरातला, लढाईत धरला जाऊन मुसलमान झालेला. त्याचा मुलगा मलिक अहमद. त्याने १४९० साली बहमनी फौजेला हरवलं आणि सीना नदीच्या काठी स्वतःच्या नावाचं शहर वसवलं.

म्हणजे निजामशाहीचं हे घराणं भूमिपुत्रांचं. पण राज्य चालवायचं तर मुत्सद्दी हवेत, तोफा ओतणारे हवेत, फारसी लिहिणारे हवेत, आणि ते यायचे बाहेरून. इराणच्या शहाची गैरमर्जी झाली म्हणून पळालेला शाह ताहिर १५२२ च्या सुमारास नगरला आला आणि पंधरा वर्षांत त्याने बुऱ्हाण निजामशहाला शिया पंथात ओढलं. आजच्या भाषेत बोलायचं तर एका राजकीय आश्रिताने राज्याचा धर्म बदलला. त्यावर दरबारात काय खळबळ उडाली असेल याची कल्पना करायला आजचं वर्तमानपत्र पुरे.

ती खदखद १५८९ साली फुटली. मिर्झा खान या आफाकी सरदाराने तरुण सुलतान मीरान हुसेनचा खून केला. त्यावर जमाल खानाच्या मागे दख्खनी जमाव उठला आणि गावात आफाकी शोधून शोधून मारले गेले. करणारा एक आणि मेले सगळे, ही पद्धत तेव्हाही जुनीच असणार. त्या कत्तलीतून जे वाचले त्यात फिरिश्ताही होता. जन्म अस्त्राबादचा, लहानपणी बापाबरोबर नगरला आलेला, निजामशहाच्या पहाऱ्यावर अधिकारी झालेला. त्याच वर्षी तो विजापूरला गेला आणि तिथे इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. आपण आज निजामशाहीविषयी जे बोलतो त्यातलं पुष्कळसं नगरने हाकललेल्या एका माणसाने लिहून ठेवलेलं आहे.

आणि मलिक अंबर? तो तर इथिओपियात जन्मला, गुलामांच्या बाजारात विकला गेला, आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी आला. हा चंगेजखानही हबशीच. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं मलिक अंबरने निजामशाही जिवंत ठेवली, जमिनीची प्रतवारी करून सारा बसवला, मराठा सरदारांना हाताशी धरून मोगलांना जेरीस आणलं. समुद्रापलीकडून आलेला हा माणूस नगरच्या लेखी कधी परका ठरलाच नाही, कारण हबशी दख्खनी तटात मोडायचे. परका कोण हे जन्मगावावरून ठरत नसून तटावरून ठरतं, ही गोष्ट नगरला सोळाव्या शतकात ठाऊक होती. पुढे आलेल्या कायद्यांनी तट कोणते ते फक्त बदललं.

*

इंग्रजांच्या काळातला परक्यांचा पहिला नियम इंग्रजांच्याच विरुद्ध होता, हे सांगितलं तर पुष्कळांना खरं वाटत नाही. ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानातल्या व्यापारावर मक्तेदारी होती, त्यामुळे कंपनीच्या परवान्याशिवाय खुद्द ब्रिटिश माणसालाही इथे येऊन राहता येत नसे. आपल्या मक्त्यात वाटेकरी नको हे एक कारण. दुसरं असं की मिशनरी लोकांनी इथल्या रयतेच्या धर्माला हात घातला तर शिपाई बिथरतील ही धास्ती.

१८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन पाद्री मुंबईत उतरले. कलकत्त्याहून त्यांना आधीच निघून जाण्याचा हुकूम झाला होता. त्यात अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात १८१२ पासून युद्ध सुरू, म्हणजे हे दोघे परवाना नसलेले तर होतेच, वर शत्रुराष्ट्राचे. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने त्यांच्या बाजूचे, पण वरून हुकूम सुटत होते. दोघे किनाऱ्याने जाणारं जहाज पकडून कोचीनकडे निसटले, धरून परत आणले गेले, अर्जांवर अर्ज लिहीत राहिले. अखेर त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण करताना मिशनऱ्यांना परवाना मिळण्याची वाट मोकळी केली आणि हॉल-नॉट यांचा मुक्काम टिकला.

त्यांनी रोवलेल्या अमेरिकन मराठी मिशनची शाखा १८३१ साली नगरला आली. कंपनीच्या हुकुमाची तामिली बिनचूक झाली असती, तर नगरच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासातली काही पानं कोरी राहिली असती. सिंथिया फॅरर ही अविवाहित अमेरिकन बाई १८३९ साली नगरला येऊन मुलींच्या शाळा चालवू लागली आणि १८६२ साली इथेच वारली. तिची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती, आणि सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाशीही तिचं नाव जोडलं जातं. पुढे रॉबर्ट ह्यूम आले, रेव्हरंड टिळक आले, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधून नगर-राहुरीचं मिशन मराठी घराघरांत पोचलं. हद्दपारीच्या एका फसलेल्या हुकुमातून हे सगळं निघालं.

परक्यांविषयीचा रीतसर कायदा मात्र १८६४ चा. सत्तावनचा उठाव नुकताच होऊन गेलेला. कोण कुठून येतो, कोणाशी बोलतो, याची सरकारला धडकी भरलेली. त्या वर्षीच्या तिसऱ्या कायद्याने सरकारला अधिकार दिला की कोणत्याही परकीयाला देश सोडून जायला सांगता येईल, आणि गरज पडली तर त्याला परवान्याशिवाय फिरायला बंदी करता येईल. परकीय कोण? जो ब्रिटिश राणीचा जन्मजात प्रजाजन नाही आणि इथला मूळ रहिवासीही नाही तो. गुन्हा करायची गरज नाही, खटल्याची गरज नाही. हुकूम पुरे. हा कायदा बरीच वर्षं म्यानात राहिला.

मधल्या काळात नगरला वेगळ्या पाहुण्यांची सवय लागली. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात पकडलेले बोअर १९०१ मध्ये जहाजं भरभरून हिंदुस्थानात आणले गेले आणि त्यांच्या छावण्यांपैकी एक नगरला पडली. दाढीवाले डच शेतकरी दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या नगरच्या माळावर येऊन बसले. छावणी कशी आखायची, तारा कुठे मारायच्या, शिधा कसा वाटायचा, याची तालीम लष्कराला तेव्हाच झाली.

*

त्या तालमीचा उपयोग झाला १९१४ साली.

ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं तेव्हा हिंदुस्थानात जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसं काही कमी नव्हती. मुंबई-कलकत्त्यात त्यांच्या पेढ्या होत्या, बंदरांत जहाजं होती, मंगळूरपासून छोटा नागपूरपर्यंत मिशनं होती. मुंबईतलं सेंट झेवियर्स कॉलेज जर्मन जेझुइटांनी नावारूपाला आणलेलं, आणि नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतही त्यांचे पाद्री घोड्यावरून फिरत असत. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या सरकारने त्याच महिन्यात परकीयांविषयीचा वटहुकूम काढला. १८६४ ची तलवार म्यानातून निघाली, तिला नवी धार लागली, आणि शत्रुराष्ट्राच्या पुरुषांची गाडी नगरच्या दिशेने निघाली.

छावणीचे विभाग होते. एका भागात कडक बंदोबस्त, दुसऱ्यात थोडी सैल दोरी, आणि पळून जाणार नाही असा शब्द दिलेल्यांसाठी निराळी सोय. खलाशी, कंपन्यांचे मॅनेजर, पाद्री, इंजिनिअर, प्राध्यापक सगळे एका गावात. पुढे जर्मन पूर्व आफ्रिकेतून पकडलेली माणसंही आली. १९१७ साली आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे तीन प्रतिनिधी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या छावण्या तपासत फिरले, त्यांच्या यादीत नगर होतं.

सुरुवातीला मिशनऱ्यांना सवलत होती. ती मे १९१५ नंतर संपत गेली. जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे प्रवासी जहाज बुडवलं आणि इंग्लंडात जर्मनांच्या दुकानांवर दगड पडले. त्या संतापाची लाट मुंबईमार्गे थेट खेड्यातल्या चर्चपर्यंत आली. लढण्याच्या वयाच्या पुरुषांना छावणी. बायका, मुलं, म्हातारे यांना मायदेशी रवानगी. ‘गोलकोंडा’ नावाच्या जहाजाने १९१५ च्या अखेरीस आणि १९१६ च्या वसंतात दोन खेपा करून ही माणसं युरोपात नेली. नवरा नगरला, बायको जहाजावर, अशी कितीतरी कुटुंबं. यातल्या कोणावर कसला आरोप नव्हता. कायद्याला आरोप लागतच नव्हता.

या गर्दीतला एक माणूस मला सोडवत नाही. ओटो श्ट्राउस, जन्म बर्लिन १८८१, संस्कृतचा आणि भारतीय दर्शनांचा अभ्यासक. युद्धाच्या आदल्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आला होता. आमच्याच विद्यापीठाने बोलावलेला, आमचीच शास्त्रं शिकवणारा. युद्ध लागताच तो परका झाला आणि नगरला येऊन पडला, तो १९२० पर्यंत. इतकी वर्षं तारेच्या आत माणूस काय करील? हा रशियन शिकला. पुढे सुटून गेल्यावर त्याने रशियन पंडित श्चेर्बात्स्की यांचा उत्तरकालीन बौद्ध तर्कशास्त्रावरचा ग्रंथ जर्मनमध्ये आणला, तो १९२४ साली छापून आला. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांचा विचार जर्मन वाचकाकडे गेला त्याच्या वाटेत नगरच्या बराकी लागतात. याचा फलक नगरमध्ये कुठे असायला हरकत नव्हती.

श्ट्राउस कीलला आणि मग ब्रेस्लाउला प्राध्यापक झाला. १९३५ साली नाझी सरकारने त्याला काढून टाकलं, कारण तो ज्यू. तो हॉलंडला गेला आणि १९४० साली तिथेच मेला. इंग्रजांनी त्याला जर्मन म्हणून कोंडलं. जर्मनांनी तो जर्मन नाही म्हणून हाकललं. दोन्ही वेळा कागदपत्रं अगदी चोख होती.

आता त्याच वेळची दुसरी बाजू. मे १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ हे जहाज ३७६ हिंदी प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचलं. कॅनडाने नियम केला होता की मायदेशाहून थेट, वाटेत न थांबता आलेल्यालाच उतरता येईल, आणि हिंदुस्थानातून तसं जहाज मिळतच नसे. नियमात ‘हिंदी’ हा शब्द नव्हता. दोन महिने नांगरून ठेवून जहाज परत पाठवलं. ते बंगालच्या किनाऱ्याला लागायच्या आत, सप्टेंबरात, हिंदुस्थान सरकारने आणखी एक वटहुकूम काढला: बाहेरून देशात येणाऱ्या कोणालाही, मग तो इथलाच का असेना, अडकवून ठेवण्याचा. बजबज बंदरावर गोळीबार झाला. गदर पक्षाची माणसं याच वटहुकुमाखाली धरली गेली. परक्याला कोंडायचा कायदा ऑगस्टचा, घरच्याला कोंडायचा सप्टेंबरचा. मधे महिनाही गेला नाही.

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट, १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले तेव्हा पासपोर्ट नावाची वस्तू त्यांना लागली नव्हती. साम्राज्याच्या आत प्रजेने कुठेही जावं. परत येताना ते बाँबची कृती घेऊन आले ती गोष्ट वेगळी. पण दहा-बारा वर्षांत जग बदललं. युद्धकाळात डिफेन्स ऑफ इंडिया कायद्याखाली पासपोर्ट सक्तीचा झाला, आणि युद्ध संपल्यावर ही तात्पुरती सोय मोडीत काढायच्या ऐवजी १९२० साली तिचाच पक्का कायदा केला. भारतात प्रवेश करायचा तर पासपोर्ट हवा, हा नियम तिथून आला. युद्ध चार वर्षं चाललं, कायदा १०५ वर्षं.

जर्मन जेझुइट गेल्यामुळे मुंबईच्या मिशनमध्ये जी पोकळी पडली ती स्पेनमधल्या जेझुइटांनी भरली. त्यांच्याबरोबर १९२२ साली फादर हेनरी हेरास मुंबईत आले. आपल्या इतिहास संशोधनात हेरास संस्थेचं नाव आहे ते या अदलाबदलीमुळे. अमेरिकन पाद्र्यांना राहू दिलं, पण अमेरिकन संस्थांकडून लेखी कबुली घेतली की सरकारला योग्य तो मान आणि आज्ञापालन दिलं जाईल. नगरचं मिशन ज्या बॉस्टनच्या बोर्डाचं, त्याच बोर्डाचे मदुरेकडचे राल्फ रिचर्ड काइथान यांनी खादी घातली, गांधींच्या एका इंग्रज मित्राला घरी उतरवलं, आणि १९३० साली त्यांना देश सोडावा लागला. व्हिसाची अट पाहुण्याचं तोंड कशी बांधते, याचा तो जुना नमुना.

*

१९३९ च्या एप्रिलमध्ये परकीयांच्या नोंदणीचा कायदा झाला. सप्टेंबरात युद्ध, पुन्हा वटहुकूम, पुन्हा नगर.

हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक नंगा पर्वताची पाहणी करून कराचीत जहाजाची वाट बघत होता. त्याला नगरला आणलं. नगरहून पुढे देवळाली, तिथून देहरादून, आणि देहरादूनच्या छावणीतून १९४४ साली पळून तो तिबेटला पोचला. त्याच्या पुस्तकामुळे हे जगाला माहीत झालं. तो एसएस या नाझी संघटनेचा सदस्य होता, हे मात्र जगाला १९९७ साली कळलं. आणि त्याच सुमाराला स्थानबद्ध झालेल्यांत हिटलरच्या भीतीने घरदार सोडून आलेले ज्यू होते. मुंबईच्या ज्यू मदत संस्थेने त्यांच्या पोटापाण्याची हमी घेतली तेव्हा कुठे त्यांना देशात येता आलं होतं. पासपोर्ट जर्मन, म्हणून शत्रू. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी करून बऱ्याच जणांना सोडलं. पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर वारं पुन्हा फिरलं.

लामा अनागारिक गोविंद यांची कथा तर या सगळ्यावर कडी. जन्माने जर्मन, धर्माने बौद्ध, १९३८ पासून रीतसर ब्रिटिश नागरिक. म्हणजे कायद्याने ते परकीय नव्हतेच. तरी त्यांना आधी नगरला आणि मग देहरादूनला ठेवलं, कारण त्यांची ऊठबस नेहरूंच्या घराशी होती. फॅसिझमविरुद्ध लिहिलेलं उघड झाल्यावर छावणीतल्या नाझी मंडळींनी त्यांना छळलं. ब्रिटिशांना ते जर्मन वाटले, जर्मनांना देशद्रोही.

आणि मग ऑगस्ट १९४२. चले जावच्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण नगरच्या किल्ल्यात आणले गेले: नेहरू, पटेल, मौलाना आझाद, कृपलानी, पंत, नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष आणि आपले शंकरराव देव. खटला नाही, मुदत नाही. किल्ल्यातल्या त्या खोलीत नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं हे प्रत्येक शाळेच्या सहलीत सांगतात. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, सहलीतली मुलं ती खोली बघतात, खिडकीतून डोकावतात आणि बाहेर येऊन वडापाव खातात. इथे आधी कोण कोण कोंडलेलं होतं हे त्यांना कोणी सांगत नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की ती सांगितली तर पाठ्यपुस्तकाची घडी विस्कटेल. २ सप्टेंबर १९४६ ला हंगामी सरकार आलं. गृहखातं सरदार पटेलांकडे. २३ नोव्हेंबर १९४६ ला परकीय नागरिक कायदा झाला, तो याच सरकारच्या काळात. सरकारला परक्याचा प्रवेश, वास्तव्य, हालचाल, रवानगी यांवर जवळजवळ अमर्याद अधिकार. आणि कलम ९ असं की एखादा परकीय आहे की नाही असा वाद निघाला, तर आपण परकीय नाही हे त्यानेच सिद्ध करायचं. कैदेतून सुटून गृहमंत्र्याला दीडच वर्ष झालं होतं. मी यात ढोंग बघत नाही. फाळणीचे ढग जमले होते, आणि हातात आलेलं शस्त्र कोणतंही सरकार परत करत नाही. पण खटल्याशिवायच्या कोठडीची चव घेतलेल्या माणसाचं खातं या कायद्याचं पालक झालं, हे नोंदवायलाच हवं.

*

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न आला तो पुन्हा एका जर्मन माणसाच्या निमित्ताने. न्यूरेंबर्गचा हान्स म्यूलर कलकत्त्यात स्थानबद्ध होता. १९५५ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की परकीयाला देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार निरंकुश आहे, त्याला राज्यघटनेतली अशी कोणतीही मर्यादा नाही. जगण्याचा हक्क सर्वांना, राहण्याचा फक्त नागरिकांना. १९५७ पर्यंत राष्ट्रकुलातले लोक ‘परकीय’ या व्याख्येत येतच नव्हते, त्यामुळे कागदोपत्री पाकिस्तानी माणूसही परकीय नव्हता. त्या वर्षी दुरुस्ती झाली: जो भारताचा नागरिक नाही तो परकीय. सोपं आणि सरळ, आणि १८६४ च्या राणीला तेव्हा कुठे निरोप मिळाला.

या अधिकाराचा फटका नगरच्या शेजारीच बसला. मनमाडला विसेंत फेरेर नावाचे स्पॅनिश जेझुइट होते. शेतकऱ्यांना विहिरी खणायला ते गहू, तेल, कर्ज देत, आणि परतफेड म्हणून दुसऱ्याच्या विहिरीवर काम करायला लावत. त्यांचं वजन वाढलं तसं गावोगावच्या वजनदार मंडळींचं पित्त खवळलं. धर्मांतराचा आरोप झाला. १९६८ साली राहण्याचा परवाना संपवून त्यांना जायला सांगितलं. हजारो शेतकरी त्यांच्यासाठी मनमाडहून मुंबईच्या वाटेला चालत निघाले. पंधरा वर्षांच्या आसपास काळ या भागात काढलेल्या परक्यासाठी आपल्याकडच्या कुणब्याने काढलेला असा मोर्चा दुसरा ऐकिवात नाही. शेवटी इंदिरा गांधींनी तोडगा काढला: सुट्टीवर म्हणून स्पेनला जा आणि परत या. ते परत आले, पण महाराष्ट्रात जागा नव्हती. आंध्रातल्या अनंतपूरला गेले, आणि तिथल्या दुष्काळी गावांत त्यांनी जे उभं केलं ते बघायला आता आपले लोक सहलीने जातात.

याच मुलखात, याच पंथाचे स्विस पाद्री हर्मन बाखर १९४८ पासून राहिले. नगरच्या सोशल सेंटरमधून त्यांनी पाणलोटाचं काम उभारलं, भारत-जर्मन सहकार्याचा पाणलोट कार्यक्रम आणला, १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था सुरू केली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत आज विहिरींना जे पाणी आहे त्यात त्यांचा वाटा आहे. एका पाद्र्याला हाकललं, एक राहिला. कायदा दोघांना एकच लागू होता. कायदा इतका मोकळा ठेवला की दोन्ही निकाल त्यात बसतात.

आज नगर जिल्ह्यात परदेशी माणूस दिसतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. शिर्डीला, आणि आरणगावजवळच्या मेहेराबादला. मेहेरबाबांचे वडील शेहरियार इराणी यझदकडच्या खेड्यातून आलेले. मेहेरबाबा जन्मले पुण्याला, १९२३ साली नगरच्या माळावर आले आणि १९२५ पासून अखेरपर्यंत मौनात राहिले. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इराण इथले भक्त येतात. आरणगावच्या रिक्षावाल्याला त्यांच्या व्हिसाचं काही पडलेलं नसतं. पोलिसांना असतं. परदेशी पाहुणा उतरला की लॉजवाल्याने २४ तासांत नोंदीचा फॉर्म भरायचा. जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक हाच परकीय नोंदणी अधिकारी. पूर्वी पिवळट कागदावर तीन प्रती, आता संकेतस्थळावर. नेपाळहून आलेल्या सावेडीच्या सोसायटीतल्या वॉचमनला यातलं काहीच लागत नाही, कारण १९५० चा तह. त्याला रात्री शिट्टी वाजवत फिरायला ना पासपोर्ट लागतो ना व्हिसा.

या सगळ्याच्या वर १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला आहे. इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५. लोकसभेत मार्चमध्ये मंजूर झाला, ४ एप्रिलला राष्ट्रपतींची सही झाली. १९२० चा पासपोर्ट कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा, १९४६ चा परकीय कायदा आणि वाहतूक कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० सालचा कायदा, असे चार रद्द करून एक केला. लोकसभेत सरकारने तो वसाहतकाळचे कायदे पुसणारा म्हणून मांडला. विनापासपोर्ट प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्टला दोन ते सात वर्षं. लॉजवाल्याप्रमाणे आता विद्यापीठांनी आणि रुग्णालयांनीही परदेशी माणसाची खबर द्यायची. विमान कंपन्यांवर दंड वाढला. चार कायद्यांची अडगळ गेली हे बरंच झालं, वकिलांनाही दोन पानं कमी चाळावी लागतील.

पण मी ते कलम शोधत होतो. ते आहे. १९४६ मध्ये नववं होतं, आता सोळावं. आपण परकीय नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अजून ज्याच्यावर बोट रोखलं त्याचीच. वसाहतकाळ पुसताना एवढं पुसायचं राहिलं, किंवा मुद्दाम ठेवलं. आसामातल्या लवादांपुढे माणसं आज्याच्या नावाची मतदारयादी शोधत फिरतात ती याच तत्त्वामुळे, आणि आपल्याकडेही बांगलादेशी शोधण्याच्या मोहिमा निघाल्या की वीटभट्टीवरचा, बांधकामावरचा बंगाली बोलणारा मजूर आधार कार्ड काढून दाखवतो आणि समोरचा म्हणतो, आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे. ते खरंही आहे. मग नागरिकत्व म्हणजे कोणता कागद? नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलात १९८६ साली जन्मलेलं मूल जन्मानेच भारतीय. १ जुलै १९८७ नंतर जन्मलं तर आई किंवा बाप भारतीय असल्याचं दाखवावं लागतं. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलं तर एक भारतीय, आणि दुसरा बेकायदा आलेला नाही, हेही. एकाच वॉर्डातली, एकाच खाटेवर जन्मलेली तीन भावंडं तीन वेगवेगळ्या कसोट्यांना बसतात. ऊसतोडीला निघालेल्या आणि उसाच्या फडात जन्मलेल्या पाथर्डी-शेवगावच्या मुलांचे जन्मदाखले किती ठिकाणी नीट असतात, हे त्या भागात शाळा चालवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारावं. ती मुलं परकी आहेत असं कोणी म्हटलेलं नाही, अजून.

नव्या कायद्याबरोबर त्याच दिवशी सवलतींचा हुकूमही निघाला. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या तिथल्या अल्पसंख्य धर्मीयांना, म्हणजे हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना, कागदपत्रं नसली तरी शिक्षेची कलमं लागू नाहीत. ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रयाला येऊन नोंद झालेल्या श्रीलंकेच्या तमिळांनाही तशीच सूट. यादीत नसलेल्या आश्रितांना कायदा पूर्ण लागू. कोणाचा छळ झाला हे इथे यादीवरून ठरतं, चौकशीवरून नाही. १९३९ साली निदान डार्लिंगसाहेबांची समिती एकेकाला समोर बसवून विचारत तरी होती.